एक प्रिंटर-स्कॅनर, तीन लॅपटॉप, लिनक्स: प्रिंटमध्ये कचरा येतोय आणि स्कॅनर तर कुठे दिसतच नाही

खारूताई

नमस्कार मंडळी, दोन रविवार वाया गेले म्हणून शेवटी इथे विचारतेय.

सेटअप असा आहे: एक जुना डेस्कटॉप, आम्ही त्याला आजोबा म्हणतो आणि होस्टनेम पण तेच ठेवलंय, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार). मॉनिटर नाही, कोपऱ्यात पडून असतो, दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत जाते. त्याला यूएसबीने एक जुनं ऑल-इन-वन लेझर जोडलंय, प्रिंट आणि फ्लॅटबेड स्कॅन दोन्ही, पण त्याला स्वतःला ना वायफाय ना लॅनचं पोर्ट. बाकी एक मिंटचा लॅपटॉप, एक फेडोरा (दोन्ही लिनक्सच), एक विंडोज, आणि फोन. सगळ्यांना प्रिंट आणि स्कॅन दोन्ही हवंय, रोज कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन आजोबांकडे जातं ते बंद करायचंय.

आत्तापर्यंत काय केलं: आजोबांवर कप्स, म्हणजे प्रिंटिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर, टाकलं (मशीन जुनं आहे म्हणून रेकमेंडेड पॅकेजेस वगळून टाकलं), कंपनीचा ड्रायव्हर टाकला, टेस्ट पेज झकास आलं. मग वेब पेजवर जाऊन शेअरिंगची टिक मारली, प्रिंटरलाही शेअर केलं. मिंटवर आयपी टाकून हाताने प्रिंटर ॲड केला, ड्रायव्हर विचारला तर तोच कंपनीचा दिला. एक पानाचं पत्र प्रिंटला दिलं तर प्रत्येक पानावर वर एकदोन ओळी विचित्र चिन्हं आणि बाकी कोरं, असली पानं निघतच राहिली, ट्रे संपला तेव्हा थांबला. फेडोरावर तर प्रिंटर लिस्टमध्येच येत नाही.

स्कॅनरचं त्याहून वाईट. आजोबांवर सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) स्कॅनइमेज ही स्कॅनची कमांड चालवली की दिसतो आणि स्कॅन पण होतो. दुसऱ्या कुठल्याच मशीनवर दिसत नाही. सेनडी, म्हणजे नेटवर्कवर स्कॅनर देणारा प्रोग्रॅम, त्याच्या कॉन्फ फाइलमध्ये आमच्या नेटवर्कची रेंज टाकलीये, क्लायंटवर (बाकीच्या लॅपटॉपवर) नेट डॉट कॉन्फमध्ये आजोबांचा आयपी टाकलाय. एका जुन्या गाइडमध्ये डिफॉल्ट फोल्डरच्या फाइलीत रन इक्वल टू येस लिहायला सांगितलं होतं, ते पण केलं. आजोबांवर यूएफडब्ल्यू हा फायरवॉल चालू आहे, त्यात ६३१ (प्रिंट) आणि ६५६६ (स्कॅन) हे पोर्ट उघडलेत.

कुठे चुकतेय?

---

निवांत

वायफायवाला नवीन घ्या आणि मोकळ्या व्हा. दोन रविवारांची किंमत जास्त आहे.

---

काळीखिडकी

निवांतराव, चालू मशीन का फेकायचं, लेझर आहे, अजून दहा वर्षं चालेल.

खारूताई, मी प्रिंटपुरतं सांगतो, स्कॅनरचं दुसरं कुणीतरी सांगेल, ती वेगळीच दुनिया आहे. (इथे कमांड देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाका.)

तुमचा घोळ एकच आहे, ड्रायव्हर दोन ठिकाणी आहे. मिंटवर कंपनीचा ड्रायव्हर टाकल्यामुळे काय होतं, मिंट तुमचं पत्र घेऊन ते प्रिंटरच्या भाषेत बदलतं आणि आजोबांकडे पाठवतं. आजोबांकडेही तोच ड्रायव्हर बसलाय, त्याला वाटतं हे काहीतरी डॉक्युमेंट आलंय, मी ह्याला प्रिंटरच्या भाषेत बदलतो. आलेल्या डेटाच्या सुरुवातीला प्रिंटरसाठीच्या कमांडच्या काही ओळी साध्या अक्षरांत असतात, बहुतेक तेवढं बघून तो सगळा प्रकार मजकूर म्हणून छापला गेला. दळलेलं पीठ परत जात्यात घातलं.

म्हणून: ड्रायव्हर फक्त आजोबांवर. क्लायंटवर काहीच नाही. मिंटवरचा तो प्रिंटर डिलीट करा, कंपनीचं पॅकेज पण काढून टाका म्हणजे परत मोह नको. आता शेअर केलेल्या क्यूला (कप्समधल्या त्या प्रिंटरच्या नोंदीला) आजोबांवरचं कप्स बाहेर असं दाखवतं की जणू तो ड्रायव्हर न लागणारा आधुनिक प्रिंटर आहे, आयपीपी एव्हरीव्हेअर म्हणतात ते. क्लायंट पीडीएफ किंवा रास्टर (पानाचं ठिपक्यांचं चित्र) पाठवतो, पुढचं रूपांतर आजोबा करतात.

दुसरं, फेडोरावर का दिसत नाही. तुम्हीच कंसात लिहिलंय, रेकमेंडेड पॅकेजेस वगळून. डेबियनमध्ये अवाही डीमन हे कप्सच्या रेकमेंडेडमध्ये येतं, ते तुम्ही वगळलंत. अवाहीच तर नेटवर्कवर ओरडून सांगतं की इथे एक प्रिंटर आहे बरं का. ते नाही म्हणून मिंटवरही तुम्हाला आयपी हाताने टाकावा लागला. अवाही डीमन टाका, कप्स रीस्टार्ट करा, अर्ध्या मिनिटात फेडोराच्या प्रिंट डायलॉगमध्ये प्रिंटर आपोआप यायला हवा. मिंटवरही तसाच येईल, वेगळा ॲड करायची गरज नाही.

आपोआप नाहीच आला तर आधी राउटरमध्ये बघा, फेडोरावाला लॅपटॉप गेस्ट वायफायवर आहे का किंवा एपी आयसोलेशन चालू आहे का. ते चालू असलं की मशीन्स एकमेकांना बघूच शकत नाहीत, मग लिनक्सला शिव्या देऊन उपयोग नाही. हातानेच ॲड करायचा झाला तर पत्ता असा: आयपीपी, मग आजोबा डॉट लोकल, कोलन ६३१, स्लॅश प्रिंटर्स स्लॅश क्यूचं नाव, आणि ड्रायव्हरच्या जागी एलपीॲडमिन ह्या प्रिंटर ॲड करायच्या कमांडला हायफन एम एव्हरीव्हेअर. क्यूच्या नावात स्पेस चालत नाही, स्लॅश आणि हॅश पण नाही, साधं एका शब्दाचं नाव ठेवा.

आणखी एक, आजोबांचा आयपी राउटरमध्ये फिक्स करून ठेवा, डीएचसीपी रिझर्व्हेशन. नाहीतर महिन्याभराने वीज जाईल, राउटर नवीन आयपी देईल आणि तुम्ही परत इथे धागा काढाल.

---

पेंग्विनकाका

काळीखिडकीने प्रिंटचं बरोबर सांगितलंय, मी स्कॅनर घेतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव पोरी. बाहेरून डबा एक असला तरी लिनक्सला ती दोन वेगळी माणसं दिसतात. प्रिंट कप्स बघतं, स्कॅन सेन बघतं, दोघं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. कप्समध्ये कितीही टिका मारल्यास तरी स्कॅनर शेअर होणार नाही. कप्स १९९९ साली बाहेर आलं, २००२ मध्ये ॲपलने मॅकसाठी उचललं आणि २००७ मध्ये त्याचा सोर्सच विकत घेतला, त्यामुळे त्याचे लाड झाले. सेन त्याहून जुनं, १९९६ चं, त्याच्याकडे असं कुणी पैसेवालं बघितलं नाही. आणि नावाचा अर्थ काय, तर स्कॅनर ॲक्सेस नाऊ ईझी. ईझी म्हणे.

आता तुझ्या वर्णनात उत्तर लपलंय. सुडो लावून दिसतो म्हणतेस. सुडो लावलंस की तू रूट झालीस, रूटला काय सगळंच दिसतं. पण नेटवर्कवरून कुणी स्कॅनर मागितला की आजोबांवर जो प्रोग्रॅम उठतो तो रूट म्हणून नाही चालत, तो सेनडी नावाच्या युजरने चालतो. त्याला तुझ्या यूएसबी डिव्हाइसला हात लावायची परवानगी आहे का हे बघितलंस का? म्हणून टेस्ट अशी करायची: सुडो हायफन यू सेनडी स्कॅनइमेज हायफन कॅपिटल एल. म्हणजे त्याच युजरच्या चपला घालून बघायचं. मी पैज लावतो, काही सापडलं नाही असंच उत्तर येईल.

कारण असं. नुसता स्कॅनर असला तर त्याची यूएसबी नोड (लिनक्समधली त्या डिव्हाइसची फाइल) स्कॅनर ग्रुपला मिळते आणि डेबियन सेनडीला त्या ग्रुपमध्ये टाकून ठेवतं. पण तुझं मशीन ऑल-इन-वन आहे, त्यात प्रिंटरचा इंटरफेस दिसला की युडेव्ह (डिव्हाइसच्या परवानग्या ठरवणारा भाग) ती नोड एलपी ग्रुपच्या ताब्यात देतं. सेनडी बिचारा दाराबाहेर. एलएसयूएसबीने बस आणि डिव्हाइस नंबर काढ, मग डेव्ह, बस, यूएसबी ह्या फोल्डरमध्ये ती नोड एलएस हायफन एल करून बघ, ग्रुप एलपी दिसला की युजरमॉड हायफन कॅपिटल नाही, छोटा ए मग मोठा जी, एलपी सेनडी. हे ए विसरू नकोस हां, विसरलीस तर बाकीचे सगळे ग्रुप उडतील. मग परत तीच टेस्ट.

ती टेस्ट पास झाल्याशिवाय क्लायंटला हात लावू नकोस. लोक तिथेच चुकतात, सर्व्हरवर सेनडी युजरला दिसत नसतो आणि हे तिकडे लॅपटॉपवर नेट डॉट कॉन्फमध्ये खाडाखोड करत बसतात.

रन इक्वल टू येस वगैरे विसर, तो सिस्टमडीच्या (आता सर्व्हिसेस चालू-बंद करतं ते) आधीचा जमाना. तेव्हा आयनेटडी, एक्सआयनेटडी असायचं. आता सिस्टमसीटीएलने सेनडी डॉट सॉकेट इनेबल कर, हायफन हायफन नाऊ लावून. सर्व्हिस नाही, सॉकेट. सॉकेट ६५६६ वर कान देऊन बसतं, कुणी आलं की प्रोग्रॅम उठवतं, काम झालं की झोपवतं. त्यामुळे सर्व्हिस बंद दिसली म्हणून घाबरू नकोस.

---

काळीखिडकी

काका, ते युजरमॉडचं वाक्य वाचून मलाच कळेना, सरळ लिहा, हायफन एजी. :)

---

पेंग्विनकाका

हो रे बाबा, हायफन एजी. देवनागरीत कमांड लिहायची सवय नाही.

---

खारूताई

काका तुम्ही पैज जिंकलात. सेनडी म्हणून चालवल्यावर काहीच सापडलं नाही, नोडचा ग्रुप खरंच एलपी होता. ग्रुपमध्ये टाकलं, सॉकेट चालू केलं, आजोबांवर टेस्ट पास.

प्रिंटचं पण झालं!! अवाही टाकल्यावर फेडोरावर आपोआप आला, मिंटवर पण आला, कंपनीचा ड्रायव्हर काढून टाकला, पान स्वच्छ. मी उगाच मशीन हलकं ठेवायच्या नादात नेमकं लागणारंच पॅकेज वगळलं.

पण आता नवीनच. मिंटवर स्कॅनर लिस्टमध्ये दिसतो, नाव पण बरोबर येतं, स्कॅनचं बटन दाबलं की बराच वेळ काहीच होत नाही आणि शेवटी एरर. आजोबांवर मात्र तोच स्कॅन होतो. म्हणजे दार उघडलंय पण आत घेत नाहीयेत असं काहीतरी.

---

पेंग्विनकाका

अगदी तसंच आहे, तुझा फायरवॉल.

६५६६ वर फक्त बोलणी होतात, कुठला स्कॅनर, किती डीपीआय, रंगीत की काळंपांढरं. चित्राचा डेटा मात्र वेगळ्या पोर्टवरून जातो आणि ते पोर्ट सेनडी आयत्या वेळी कुठलंही उचलतं. तू उघडलेत फक्त दोन. त्यामुळे नाव दिसतं, गप्पा होतात, पान काही येत नाही.

सेनडीच्या कॉन्फ फाइलमध्ये डेटा पोर्टरेंज अशी एक ओळ असते, बहुतेक पुढे हॅश लावून बंद केलेली असेल. हॅश काढ, १०००० ते १०१०० अशी रेंज ठेव, आणि यूएफडब्ल्यूमध्ये तीच टीसीपी रेंज फक्त तुमच्या लोकल नेटवर्कसाठी उघड. जगासाठी नाही. एनएफ कॉनट्रॅक सेन नावाचं कर्नल मॉड्युल पण ह्याच कामाचं आहे पण घरच्यासाठी रेंजची पद्धत सोपी, कुठे काय उघडं आहे ते डोळ्याला दिसतं.

---

मधलीबोट

मधे तोंड घालतो, सिक्युरिटीचं कुणी बोललं नाही म्हणून. ६३१ राउटरवरून बाहेर फॉरवर्ड करायचा विचारसुद्धा करू नका, बाहेरून प्रिंट द्यायचंच असेल तर व्हीपीएन. आणि कप्स ब्राउझ्ड नावाची सर्व्हिस चालू असेल तर बंद करा. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्यातले होल बाहेर आले होते, ती यूडीपी ६३१ वर कुणाचंही पॅकेट ऐकून घ्यायची आणि त्यातून कुणीही खोटा प्रिंटर घुसवू शकत होतं, त्या प्रिंटरवर प्रिंट दिलं की तुमच्या मशीनवर त्याची कमांड चालायची. अपडेट्स आलेत पण मुळात ती लागतेच कुठे?

---

काळीखिडकी

लागते काही ठिकाणी, जुनी ॲप्स असतील किंवा प्रिंटरचं क्लस्टर असेल तर. पण खारूताईंच्या घरी नाही लागणार, अवाहीवर दिसणारा प्रिंटर कप्स स्वतःच तात्पुरती क्यू करून वापरतं. बंद केल्यावर एखाद्या जुन्या ॲपमध्ये प्रिंटर गायब झाला तर तेवढ्या मशीनवर हाताने ॲड करा, वर पत्ता दिलाय तसा. यूडीपी ६३१ फायरवॉलमध्ये उघडलं असेल तर तेही बंद करा, शेअरिंगला टीसीपी पुरतं.

विंडोजचं राहिलंच. तिथे प्रिंटर ॲड करताना नावाने निवडा ह्या पर्यायात एचटीटीपीचा पत्ता द्यायचा, आजोबांचा आयपी, कोलन ६३१, स्लॅश प्रिंटर्स स्लॅश क्यू. ड्रायव्हर विचारला तर कंपनीचा देऊ नका, तीच चूक परत होईल. मायक्रोसॉफ्टचा आयपीपी क्लास ड्रायव्हर किंवा पीएस क्लास ड्रायव्हर निवडा, पोस्टस्क्रिप्ट (पीएस, पानाचं वर्णन करणारी भाषा) आलं तर आजोबांना ते व्यवस्थित कळतं. आयपीऐवजी नाव टाकलंत आणि बॅड रिक्वेस्ट असं आलं तर कप्सडी डॉट कॉन्फमध्ये सर्व्हर एलियासची ओळ टाका, कप्सला अनोळखी नावाने हाक मारलेली चालत नाही.

---

खारूताई

स्कॅन आला!!! ३०० डीपीआयला मिंटवर, मग फेडोरावर पण. दोघांनी एकाच वेळी दाबलं तर एकाला डिव्हाइस बिझी आलं, ते साहजिक आहे म्हणा, काच एकच आहे.

विंडोजला पीएस क्लास ड्रायव्हरने प्रिंट झालं. कप्स ब्राउझ्ड चालूच नव्हती, रेकमेंडेड वगळल्याचा एकमेव फायदा.

आता फोन. प्रिंट आपोआप दिसतोय (हे बघून घरातले जास्त इम्प्रेस झाले, माझ्या दोन रविवारांचं कुणाला काही नाही). स्कॅनचं काही करता येतं का? आणि विंडोजवरून स्कॅन?

---

मधलीबोट

फोनला आणि विंडोजला सेनची भाषा येत नाही, त्यांना ई एस सी एल लागतं, नवीन वायफायवाले स्कॅनर जे बोलतात ते. त्यासाठी आजोबांवर एअरसेन टाका, ते सेनचा स्कॅनर घेऊन बाहेर ई एस सी एल स्कॅनर म्हणून मिरवतं. मी सोर्सवरून बिल्ड केलं होतं, फार वेळ लागला नाही. पोर्ट ८०९०. त्याचं स्वतःचं वेब पेज पण आहे, फोनच्या ब्राउझरमध्ये आजोबांचं नाव आणि ८०९० टाकलं की तिथूनच स्कॅन करून पीडीएफ घेता येते, ॲपसुद्धा नको. आणि लिनक्सवाल्या लॅपटॉपवर सेन एअरस्कॅन टाकलं तर तेही हाच रस्ता वापरतात, मग ती सेनडी, पोर्टरेंज, ग्रुप सगळी भानगडच नको.

---

पेंग्विनकाका

ग्रुपची भानगड तशीच राहते, एअरसेनपण कुठल्यातरी युजरनेच चालणार ना, त्यालाही एलपी ग्रुप लागेलच. बाकी बरोबर. मला विचारशील तर सेनडी चालतंय ते चालू दे, एअरसेन शेजारी बसव, आठ दिवस बघ, मग ठरव. मोडलेलं नाही ते दुरुस्त करू नये.

---

निवांत

बरं बाबा, मागे घेतो. माझ्याकडे पण एक असंच ऑल-इन-वन माळ्यावर पडलंय, कंपनीचा ड्रायव्हर फक्त इंटेलवर चालतो आणि माझ्याकडे सर्व्हर म्हणून छोटा एआरएम बोर्ड आहे. काही आशा?

---

काळीखिडकी

बघा, आले लायनीवर. :) कंपनीचा बायनरी ड्रायव्हर एक्स८६ चाच (इंटेलवाला) असेल तर एआरएमवर तो चालणार नाही, पण त्या मॉडेलसाठी ओपन ड्रायव्हर आहे का ते आधी बघा, ब्रदरच्या बऱ्याच लेझरना बीआरलेझर चालतो, एचपीच्या काही जुन्यांना फू टू झेडजेएस. त्यातले काही प्रिंटर फर्मवेअर रॅममध्ये ठेवतात, म्हणजे प्रिंटर बंद करून चालू केला की दर वेळी मशीनने ते परत पाठवावं लागतं, ते आपोआप होतंय ना बघा. स्कॅनसाठी सेनच्या साइटवर सपोर्टेड डिव्हाइसची यादी आहे, तिथे मॉडेल शोधा. मॉडेल सांगा, वेगळा धागा काढा, इथे नको.

---

खारूताई

एअरसेन झालं, काका म्हणाले तसं त्याच्या युजरलाही एलपी ग्रुप द्यावा लागला. फोनवरून स्कॅन करताना आई बघत होती, म्हणाली मग आधी हे का नाही केलंस.

शेवटची दोन फुटकळ. एक, फेडोरावरून प्रिंट दिलं की प्रिंटरचा लाइट ब्लिंक होऊन थांबतो, प्रिंटरवरचं बटन दाबलं की मग पान येतं, मिंटवरून असं होत नाही. दोन, प्रिंटर बंद असताना कुणी प्रिंट दिलं की क्यू पॉज होऊन बसते आणि मला एसएसएच करून उठवावी लागते.

---

काळीखिडकी

पहिलं: फेडोरावर कागद लेटर ठरलाय, ट्रेमध्ये ए४ आहे, प्रिंटर म्हणतो लेटर दे नाहीतर बटन दाब. प्रिंट डायलॉगमध्ये पेपर साइझ बघा, आणि आजोबांवरच्या क्यूचा डिफॉल्टही ए४ करून टाका म्हणजे कुणी काही सांगितलं नाही तर ए४ धरला जाईल.

दुसरं: कप्सच्या वेब पेजवर त्या प्रिंटरच्या सेट डिफॉल्ट ऑप्शन्समध्ये पॉलिसीज आहे, तिथे एरर पॉलिसी स्टॉप प्रिंटर असेल ती रिट्राय जॉब करा. मग प्रिंटर बंद असला तरी क्यू पॉज होत नाही, चालू केला की साठलेलं बाहेर येतं. फक्त चालू करण्याआधी आत काय काय साठलंय ते एकदा बघा, सगळ्यांनी कंटाळून तीनतीनदा प्रिंट दाबलेलं असतं.

---

खारूताई

११ जॉब होते. त्यातले ९ एकाच तिकिटाचे.